फिश फाइंडर: तळ नको, मधले पाणी पाहा

नाशिकला समुद्र नाही. गंगापूर, दारणा, मुकणे, वैतरणा अशी धरणे मात्र भरपूर आहेत आणि काठावर गळ टाकून तासन्‌तास बसणारी माणसेही. यातली काही मंडळी हिवाळ्यात रात्रभर गाडी हाकत मालवण-देवगड गाठतात, चार-पाच जणांत होडी ठरवतात आणि एक दिवस सुरमईमागे घालवतात. अलीकडे त्यांच्या सामानात फिश फाइंडरचे खोके असते. आपणही असे यंत्र घेतले असेल, किंवा घ्यायच्या विचारात असाल, तर हा लेख आपल्यासाठी आहे.

आधी एक घोळ निस्तरू. ट्रोलिंग म्हणजे चालत्या होडीमागे गळ ओढत नेणे. दोरीच्या टोकाला खरा किंवा खोटा मासा असतो आणि होडी साधारण सहा नॉटने, म्हणजे ताशी अकरा किलोमीटरने चालते. मोठे जाळे तळावरून खरवडत नेणारा ट्रॉलर तो वेगळा. नावे जवळची असली तरी यंत्राची मांडणी दोन्हीकडे निरनिराळी करावी लागते. जाळेवाल्याला तळ हवा असतो. आपल्याला तळाचे फारसे देणेघेणे नसते, आणि बहुतेकांचे चुकते ते इथेच.

पहिल्यांदा माझेही इथेच चुकले. मालवणपासून बरेच आत गेल्यावर यंत्राने पडद्यावर छान माशांची चित्रे काढली, खाली आकडे दिले आणि वर टुणटुण वाजवले. मी हरखून तांडेलाला दाखवले. त्याने मान वळवून एकदा पाहिले आणि म्हणाला, “मासो नाय ओ, कचरो आसा.” मग बोटाने पुढे दाखवले. तिथे पाखरे पाण्यावर झेपावत होती, आणि त्या दिवशीची एकुलती सुरमई तिथेच लागली. यंत्र बिघडलेले नव्हते, त्याला काय विचारायचे ते मला माहीत नव्हते.

म्हणून सुरुवात यंत्र काय करते इथून. होडीच्या बुडाला एक चकती बसवतात, तिला ट्रान्सड्यूसर म्हणतात. विजेचा ठोका मिळाला की ती थरथरते आणि पाण्यात आवाजाची चिमूट सोडते. तो आवाज कुठेतरी आपटून परत आला की तीच चकती तो ऐकते. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर जातो. 150 मीटर खोल तळावरून प्रतिध्वनी यायला एक पंचमांश सेकंद लागतो. जायला-यायला किती वेळ लागला त्यावरून खोली कळते आणि किती जोराने आला त्यावरून वस्तू किती ठणठणीत ते कळते. जपानमधल्या नागासाकीच्या फुरुनो बंधूंनी 1948 साली मच्छीमारांना खरोखर वापरता येईल असे पहिले यंत्र बाजारात आणले, तेव्हापासून मूळ कल्पना तीच आहे.

पडद्याविषयीही एक गोष्ट आताच पक्की करून घ्या. तो होडीखालच्या पाण्याचा फोटो नाही. उजव्या कडेला जी उभी रेघ उमटते ती आत्ताची, तिच्या डावीकडे दिसते ते सगळे होऊन गेलेले. होडी उभी असली तरी चित्र सरकतच राहते, कारण सरकतो तो वेळ.

आता चकती बसवण्याचे काम. ती पंख्यापासून हातभर तरी दूर आणि चालत्या होडीतही पाण्याच्या सलग, गुळगुळीत धारेत राहील अशी असावी. बुडाखालचे खिळे, पट्ट्या यांच्या मागे ती लावली की त्यांचे बुडबुडे थेट चकतीखाली येतात आणि आवाजाला हवेची भिंत ओलांडता येत नाही. तोंड सरळ खाली हवे, मागची कड केसभर खाली चालेल, पुढची नको. भाड्याच्या होडीला भोके पाडता येत नाहीत. अशा वेळी बाजूला घट्ट बांधायच्या दांड्यावर चकती लावतात. दांडा वेगात थरथरत असेल तर पुढची सगळी मेहनत वाया जाते, तेव्हा दोरीचा एक ताण पुढे आणि एक मागे द्यायला विसरू नका.

वीज शक्यतो स्वतंत्र 12 व्होल्टच्या बॅटरीवरून घ्या. इंजिनाच्या बॅटरीवर यंत्र लावले की पंप, दिवा, वायरलेस यांची खरखर तारेतून पडद्यावर उतरते.

खोक्यावरच्या वॅटच्या आकड्याने भुलू नका. तिथे बहुधा लाटेच्या शिखरापासून दरीपर्यंतचा आकडा छापतात, तो खऱ्या सरासरी ताकदीच्या आठपट असतो. 4000 वॅट लिहिलेले यंत्र म्हणजे प्रत्यक्षात 500 वॅट. आपल्या कामाला ते पुरते, फक्त शेजाऱ्याच्या 600 वॅटच्या यंत्राला हिणवू नका.

मालवणला जाण्याआधी यंत्र एकदा धरणाच्या शांत पाण्यात चालवून पाहावे, असे मी आवर्जून सांगतो. गंगापूर धरण 1965 सालचे, मातीचे, उंची 36 मीटरच्या आसपास, त्यामुळे पाणी भरले तरी खोलीची कल्पना आधीच असते. मात्र ते शहराच्या पिण्याचे पाणी आहे. तिथे किंवा इतर कुठल्याही धरणात होडी घालण्याआधी परवानगी विचारा.

शांत पाण्यात होडी थांबवा. एका दोरीला हातहात अंतरावर गाठी मारा, टोकाला अर्धा किलो शिसे बांधा आणि चकतीच्या अगदी जवळून हळूहळू सोडा. पडद्यावर वरून खाली उतरणारी तिरकी रेघ उमटायला लागेल. शिसे थांबवले की रेघ आडवी होते. गाठी मोजून आलेली खोली आणि पडद्यावरचा आकडा जुळवून बघा. चकती पाण्याखाली जितकी असेल तितका फरक पडेल, तो यंत्रात एकदा भरून टाका. हा अर्धा तास मला कुठल्याही माहितीपुस्तिकेने शिकवले नाही इतके शिकवून गेला, कारण पहिल्यांदाच पडद्यावरची रेघ आणि हातातली दोरी एक झाली.

याच वेळी दोन गोष्टी तपासून ठेवा. पहिली म्हणजे खोलीचे माप. यंत्रात मीटर, फूट आणि फॅदम असे पर्याय असतात. फॅदम म्हणजे आपल्या कोळ्यांचा वाव, दोन्ही हात फैलावले की होते तेवढी लांबी, सुमारे सहा फूट. तांडेल “वीस वाव पाणी” म्हणतो तेव्हा ते 36 मीटरच्या पुढे असते. यंत्र फुटांवर आणि माणूस मीटरवर असला की खडक जवळ येईपर्यंत कळत नाही.

दुसरी गोष्ट नाशिककरांची खास चूक आहे. यंत्रात गोडे पाणी की खारे, असा पर्याय असतो. कोमट गोड्या पाण्यात आवाज सेकंदाला 1500 मीटरच्या जरा आत राहतो, उबदार समुद्रात तो 1540 च्या घरात जातो. धरणातून यंत्र तसेच उचलून मालवणला नेले तर प्रत्येक आकडा सुमारे तीन टक्के कमी दाखवतो. 100 मीटरला तीन मीटरची चूक. ट्रोलिंगला ती फार नडत नाही, नकाशाशी ताडून पाहायला गेलात की नडते.

आता समुद्र. खोल पाणी म्हणजे किती, हेही आपल्याकडे वेगळे आहे. मुंबईसमोर समुद्राचा उथळ तळ सुमारे 300 किलोमीटर पसरलेला आहे, दक्षिणेकडे तो अरुंद होत जातो. मालवणहून दिवसभराच्या फेरीत तीस-चाळीस मीटर पाणी मिळाले तरी पुष्कळ. खरोखर खोल पाणी पाहायचे तर या उथळ तळाच्या, म्हणजे शेल्फच्या, काठापर्यंत जावे लागते. विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे 105 किलोमीटरवर आंग्रिया बँक आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाची. तिचा माथा पाण्याखाली अवघ्या 20 मीटरच्या आसपास, त्यावर प्रवाळ, आणि त्यापलीकडे पश्चिमेला पाणी झपाट्याने खोल होत जाते. तिथे मासेमारीला जा असे मी म्हणत नाही, प्रवाळ नाजूक असते आणि अंतर लहान होडीचे नाही. पण पडद्यावर तळ एकदम वर चढतो किंवा एकदम हरवतो म्हणजे काय, हे समजायला ते उदाहरण चांगले.

बंदराबाहेर पडलात की सेटिंगला हात लावण्याआधी खरखर तपासा. होडी थांबवा, इंजिन बंद करा, यंत्र चालू ठेवा. आताही पडद्यावर ठिपक्यांचा पाऊस असेल तर दोष विजेच्या जोडणीत किंवा शेजारच्या होडीच्या यंत्रात आहे. मग इंजिन सुरू करा, पण गिअर टाकू नका, फक्त आवाज वाढवा. आवाजाबरोबर ठिपके वाढले तर इंजिनाची वीज तारेत शिरते आहे. इथवर चित्र स्वच्छ असेल आणि चालू लागल्यावरच बिघडत असेल, तर बुडबुडे. चकती दोन-चार बोटे सरकवा. हे तीन टप्पे न करता लोक सरळ आवाज-गाळणी, म्हणजे नॉइज रिजेक्ट, वर चढवतात. ठिपके जातात, त्यांच्याबरोबर बारीक माशांचे प्रतिध्वनीही जातात.

पुढे वारंवारता, म्हणजे चकती सेकंदाला किती वेळा थरथरते. साध्या यंत्रांत 200 आणि 50 किलोहर्ट्‌झ असे दोन पर्याय असतात. 200 म्हणजे सेकंदाला दोन लाख थरथरी. त्याने बारकावे दिसतात, पण खाऱ्या पाण्यात तो आवाज लवकर विरतो. 50 चा आवाज खोलवर जातो, चित्र मात्र भरड येते. म्हणून सगळे सांगतात की उथळ पाण्यात 200 आणि खोल पाण्यात 50. हे खरे आहे, पण ट्रोलिंगसाठी अपुरे आहे.

चकतीतून आवाज टॉर्चच्या झोतासारखा निघतो, वर अरुंद आणि खाली रुंद. 200 चा झोत समजा 20 अंशांचा धरला, तर 50 मीटर खाली त्याचे वर्तुळ सुमारे साडेसतरा मीटर रुंद असते. 10 मीटरवर ते साडेतीन मीटर होते आणि 5 मीटरवर पावणेदोन मीटर. म्हणजे आपले गळ ज्या थरात चालले आहेत, नेमक्या त्याच थरात यंत्राची नजर होडीच्या रुंदीइतकीही नाही. 50 चा झोत 45 अंशांच्या आसपास असेल तर 10 मीटरवर तो आठ मीटर रुंद होतो. तेव्हा ट्रोलिंगला कमी वारंवारता लावायची ती तळ गाठायला नव्हे, वरचे पाणी जास्त रुंद दिसावे म्हणून. यंत्रात दोन्ही एकाच वेळी दाखवायची सोय असेल तर पडदा दुभागा. चर्प नावाची सोय असेल, म्हणजे एकाच ठोक्यात अनेक वारंवारता सोडणारी, तर मधला पट्टा निवडा. एकमेकांना चिकटलेले मासे त्यात सुटे दिसतात.

आता या लेखातले सगळ्यात महत्त्वाचे बटण, खोलीची मर्यादा किंवा रेंज. ऑटोवर ठेवलेले यंत्र तळ पडद्यावर धरून ठेवायला धडपडते. तळ 100 मीटरवर असेल तर ते 0 ते 120 मीटर दाखवते. पडद्यावर उभे 480 ठिपके असले तर एका ठिपक्यात 25 सेंटिमीटर पाणी मावते, मीटरभर सुरमई चार ठिपक्यांत येते, तीही ती उभी असली तर. आडवी पोहणारी सुरमई उंचीला किती असते? वीतभर, म्हणजे एक ठिपका. ऑटो काढून टाका आणि रेंज हाताने 0 ते 40 लावा. आता तोच ठिपका आठ सेंटिमीटरचा झाला. तळ पडद्यावरून नाहीसा होतो आणि नवख्याचा जीव कासावीस होतो. होऊ द्या. खोलीचा आकडा कोपऱ्यात दिसतोच. दुभागलेल्या पडद्यात एका बाजूला पूर्ण खोली ठेवली तर चढ-उतारही कळतात, आणि चढाच्या कडेला चारा जमतो हे विसरू नका.

रेंज कमी केली की एक भूत मात्र हमखास दिसते. लहान रेंजला यंत्र भराभर ठोके सोडते. समजा दर शंभर मिलिसेकंदाला एक. 100 मीटरवरच्या तळाचा प्रतिध्वनी परत यायला 133 मिलिसेकंद लागतात. तोवर पुढचा ठोका सुटलेला असतो. यंत्राला वाटते हा नव्या ठोक्याचाच प्रतिध्वनी, 33 मिलिसेकंदांत आला, म्हणजे 25 मीटरवर काहीतरी आहे. पडद्यावर 25 मीटरला धूसर पट्टा उमटतो, अगदी माशांच्या थव्यासारखा. त्याच्यावरून दोन-दोन तास गळ ओढणारी माणसे मी पाहिली आहेत. ओळख सोपी आहे. ठोक्यांचा वेग, म्हणजे पिंग रेट, एक पायरी कमी करा. खरा थवा जागेवर राहतो, भूत उडी मारते किंवा नाहीसे होते.

मग संवेदनशीलता, यंत्रांत हिला गेन किंवा सेन्सिटिव्हिटी म्हणतात. कान किती टवकारायचे ते हे बटण ठरवते. ट्रोलिंगच्या वेगाने होडी चालत असतानाच हे लावा, बंदरात लावलेले उपयोगी पडत नाही. पडदाभर ठिपके पसरेपर्यंत वाढवत न्या आणि मग ते जेमतेम उरतील इतके कमी करा. थोडी धूळ राहू द्यावी. आरशासारखा स्वच्छ पडदा म्हणजे बहुधा बहिरे यंत्र. पाणी तीस-चाळीस मीटरच असेल तर जुनी युक्ती चालते. रेंज तात्पुरती तळाच्या दुपटीच्या जरा पुढे न्या आणि गेन वाढवत जा. तळाखाली दुप्पट खोलीवर दुसरा फिकट तळ दिसू लागला की कान पुरेसे उघडले.

पृष्ठभागाजवळचा गोंधळ कमी करणारे बटण जपून वापरा. लाटा आणि बुडबुड्यांचा वरचा दोन-तीन मीटरचा पट्टा मऊ करायला ते ठीक, पण फार चढवले तर आपलाच थर पुसला जातो.

चित्र सरकण्याचा वेग जलद ठेवा. सहा नॉटने होडी सेकंदाला तीन मीटर जाते. 50 मीटर खोलीवरचा मासा साडेसतरा मीटरच्या वर्तुळातून सहा सेकंदांत मागे पडतो. 10 मीटरवरचा एका सेकंदाच्या आसपास. चित्र सावकाश सरकवले तर त्याची नुसती टिकली उरते. कमानीची वाट पाहू नका. मासा झोताच्या कडेला असताना थोडा दूर, मध्ये आल्यावर जवळ, पुन्हा कडेला दूर, म्हणून ती कमान तयार होते. वरच्या थरात आणि चालत्या होडीत ती क्वचितच पूर्ण होते. माशांची चित्रे काढणारी सोय, फिश आयडी, सरळ बंद करा. तरंगता कचरा, बुडबुडे, जेलीफिश, सगळ्यांना ती मासाच समजते.

आता पडद्यावर काय शोधायचे? इथे एक गंमत आहे. यंत्राला माशाचे मांस फारसे ऐकू येत नाही, ते पाण्यासारखेच असते. ठणठणीत प्रतिध्वनी येतो तो माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवरून. घोळ माशाची ही पिशवी, आपल्याकडचा बोत, मोठी असते, परदेशात ती सोन्याच्या भावाने जाते, आणि पडद्यावरही घोळ खणखणीत उमटतो. तारलीला पिशवी असते. सुरमईला मात्र ती नसते. होडीमागे हमखास लागणाऱ्या लहान कुप्यालाही नसते. ज्या माशासाठी आपण एवढा खटाटोप केला, तोच यंत्राला जवळपास अदृश्य.

म्हणून सुरमई शोधू नका, तिचा चारा शोधा. तारलीसारख्या बारीक माशांचा थवा पडद्यावर ढगासारखा दिसतो. सैल पसरलेला ढग म्हणजे निवांत चारा. घट्ट गोळा झालेला, कडा तुटक, खालून वर ढकललेला ढग म्हणजे कोणीतरी त्याच्या मागे लागले आहे. त्याच्या कडेला किंवा खाली बारीक फिकट चरे दिसले तर त्यांच्याकडे नीट पाहा, सुरमई दिसलीच तर अशी दिसते.

कधी मधल्या पाण्यात आडवा धूसर पट्टा दूरवर जातो. पिंग रेट बदलूनही तो हलत नसेल तर तो उष्णतेचा सांधा असू शकतो, वरचे उबदार आणि खालचे गार पाणी जिथे मिळते ती रेषा. पावसाळा संपताना आपल्या किनाऱ्यावर खालचे गार, प्राणवायू कमी असलेले पाणी बरेच वर येते आणि मासे त्याच्या वरच्या थरात दाटतात. त्या दिवसांत गळ पट्ट्याच्या वरच चालवा. खोल समुद्रात संध्याकाळी असाच एक जाड थर वर सरकताना दिसतो. तो रात्री चरायला वर येणाऱ्या बारीक जीवांचा. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्या शोधणाऱ्यांना तो समुद्राचा तळच वाटला होता, तेव्हा आपण फसलो तर लाज वाटायला नको.

थवा दिसला की लगेच वळू नका. पडद्यावर उमटला तेव्हा तो होडीखाली होता, आपला गळ पन्नास मीटर मागे आहे. सहा नॉटला तो तिथे पोहोचायला सोळा-सतरा सेकंद लागतात. जीपीएसवर खूण करा, मनात वीस मोजा, आणि मग मोठा, सैल वळसा घ्या. झटकन वळले की मागच्या दोऱ्या एकमेकींत गुंततात आणि पुढचा अर्धा तास गाठी सोडवण्यात जातो.

कुठे जायचे हे निघण्याआधी ठरवायला हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेची मत्स्यक्षेत्राची सूचना पाहा. उपग्रहाने मोजलेले पृष्ठभागाचे तापमान आणि पाण्यातले हरितद्रव्य यांवरून ती काढतात आणि बंदरापासूनची दिशा, अंतर, खोली देतात. मराठीतही मिळते. तिथे पोहोचल्यावर आपल्या चकतीतला तापमापक पाहत राहा, आकडा थोड्या अंतरात अर्धा-एक अंश बदलला तर त्या कडेने चाला.

परत आल्यावर चकती गोड्या पाण्याने धुवा. होडी पाण्यातच राहत असेल तर तिच्यावर शेवाळ आणि शिंपल्यांचा थर चढतो, तो बोटाने किंवा मऊ फडक्याने काढा, चाकूने खरवडू नका. जून-जुलैत यांत्रिक होड्यांना बंदी असते, तेव्हा ही कामे निवांत होतात. चाललेली मांडणी वहीत लिहून ठेवा: वारंवारता, रेंज, गेन, पिंग रेट, वेग, त्या दिवशीचे तापमान.

आणि पुढच्या खेपेला पडदा कोरा दिसला तरी गळ गुंडाळू नका. पाखरे कुठे आहेत ते बघा आणि होडी तिकडे न्या. सुरमईला हवेची पिशवी नसते.